ड्रोन घेतलास, आता आधी चालायला शीक

अरे, तुझा मेसेज वाचला, ड्रोन आलाय म्हणून लई खूश दिसतोयस, पण पहिल्याच दिवशी उडवू नकोस. आधी ज्या पाझर तलावाचा नकाशा करायचाय तो पायी फिरून ये.

मी काय केलं होतं सांगतो. अशाच एका तलावावर सरळ खाली बघणारे फोटो काढले, जमिनीवर एकही कंट्रोल पॉइंट, म्हणजे जागा आणि उंची नेमकी मोजलेली खूण, ठेवला नाही, आणि घरी येऊन सॉफ्टवेअरनं फोटो जोडून उंचीचा नकाशा केला तर सपाट गाळपेर, म्हणजे तलावातली गाळाची जमीन, परातीसारखी मधे खोलगट! लेन्सची चूक सॉफ्टवेअरनं जमिनीच्या माथी मारली होती. तेव्हापासून थोडे फोटो कॅमेरा तिरका करूनही घेतो, ओव्हरलॅप, म्हणजे एका फोटोतला भाग शेजारच्या फोटोतही येणं, पुढून 80 आणि बाजूनं 70 टक्के ठेवतो.

कंट्रोल पॉइंटला चुन्याची फुली मारू नकोस, शेळ्या फिरल्या की गेली. गावात वाढदिवसाचे जुने फ्लेक्स पाहिजे तेवढे मिळतात, उलटा केला की पांढरा, मधे काळी टेप लाव, चारी कोपऱ्यांत खिळे ठोक, आणि मधल्या बिंदूचं रीडिंग आरटीके जीपीएसनं, म्हणजे सेंटीमीटरपर्यंत अचूक सांगणाऱ्या जीपीएसनं, घे. चार-पाच पॉइंट प्रोसेसिंगमध्ये टाकूच नकोस, तपासायला बाजूला ठेव, नकाशात चूक किती ते त्यांच्यावरूनच कळतं.

उंचीचं जरा नीट ऐक. जीपीएसची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यात आपल्याकडे साठ-सत्तर मीटरचा फरक येतो, जिऑइडची, म्हणजे समुद्रसपाटी जमिनीखालूनही पुढे नेली तर बनेल त्या पृष्ठभागाची, दुरुस्ती विसरलास तर विहिरींच्या पाण्याची सगळी पातळी बोंबलली.

आणि वेळ उन्हाळ्याचीच धर. रब्बी निघाली की काळं रान उघडं पडतं, भेगासुद्धा दिसतात, 60 मीटरवरून साध्या 12 मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा एक पिक्सेल साधारण 2 सेंटीमीटरचा पडतो. ऊस उभा असेल तर तू जमिनीची नाही, पाचटाची उंची मोजतोयस. बेसॉल्टच्या दोन थरांमधला तांबडा पट्टा मात्र वरून पाहून खूण करू नकोस, जवळ जाऊन हातोडा मार, कधीकधी ती नुसती वाहून आलेली माती असते.

नियमाचं म्हणशील तर 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला 2021 च्या ड्रोन रूल्सप्रमाणे पायलट सर्टिफिकेट लागत नाही, तरी एअरस्पेसचा, म्हणजे कुठे उडवता येतं आणि कुठे नाही त्याचा, नकाशा उघडून बघच, विमानतळ जवळ असला की गोष्ट वेगळी.

शनिवारी साडेसातला ये. फ्लेक्स आणि खिळे मी आणतो, तू पाणी आण, आणि ड्रोन घरीच ठेव.