मुंबईचा दादाभाई नौरोजी रस्ता पहिल्यांदा बघणार असशील तर

आधी एक कर: रविवारी सकाळी ये. इतर दिवशी गर्दीत मान वर करायलाही जागा मिळत नाही, आणि या रस्त्याची खरी श्रीमंती पहिल्या मजल्याच्या वर आहे.

सीएसएमटीपासून सुरुवात कर आणि फ्लोरा फाउंटनकडे चालत ये. जुन्या लोकांच्या तोंडी हा अजून हॉर्नबी रोडच. १८६०च्या दशकात किल्ल्याचे तट पाडले, मग हा रस्ता रुंद झाला आणि दोन्ही बाजूंना दुकानं, कचेऱ्या उभ्या राहिल्या. इमारतींच्या शैली वेगवेगळ्या, तरी रस्ता एकसंध वाटतो तो खालच्या कमानींमुळे. १८९६च्या नियमानं तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची ओसरी बंधनकारक झाली होती. ऊन असो, पाऊस असो, तिच्याखालून चाल. पण मधूनमधून रस्ता ओलांडून समोरची बाजू बघ. नवखे नेमकं हेच विसरतात.

वाच्छा अग्यारीपाशी, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरापाशी, थांबच. दाराशी माणसाच्या तोंडाचे, पंखांचे बैल आहेत. आत फक्त पारशांना प्रवेश, तेव्हा बाहेरूनच पाहा आणि फोटोसाठी हट्ट करू नकोस. याच रस्त्यावर जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटची गॉथिक इमारतही लागेल. आतलं वाचनालय बघायची फार इच्छा असेल तर वेगळ्या दिवशी जाऊन रीतसर विचार.

आणि सिद्धार्थ कॉलेज चुकवू नकोस. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते १९४६ साली सुरू केलं. साहेबी दुकानांच्या या रस्त्यावर ते उभं आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.