तीन मार्कांच्या नाण्यावरचा राजा

प्रश्न : जुन्या नाण्यांच्या डबीत चांदीचं तीन मार्कांचं एक नाणं सापडलं. त्यावर 'ओटो, बव्हेरियाचा राजा' असं जर्मनमध्ये कोरलंय आणि साल आहे १९१३. पण पुस्तकात १९१३ साली गादीवर लुडविग तिसरा दिसतो. नाणं खोटं की पुस्तक?

उत्तर : दोन्ही खरं असू शकतं. राजाच्या चेहऱ्याखाली बारीक 'डी' दिसतोय का बघा, ती म्युनिकच्या टांकसाळीची खूण. मी नाणी जमवायला लागलो तेव्हा मलाही हेच कोडं पडलं होतं.

विटल्सबाख हे राजघराणं दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियात ११८० पासूनचं. 'राजा' ही पदवी मात्र १८०६ ची, नेपोलियनच्या कृपेची. त्याच महिन्यात पहिल्या राजाची मुलगी नेपोलियनच्या सावत्र मुलाला दिली गेली, यावरून काय ते समजा.

तुमचा ओटो हा नॉयश्वानस्टाइन किल्ला बांधणाऱ्या लुडविग दुसऱ्याचा धाकटा भाऊ. १८ जानेवारी १८७१ ला व्हर्सायमध्ये जर्मन साम्राज्याची घोषणा झाली, तेव्हा राजा लुडविग स्वतः गेलाच नाही. तिथे हजर होता तो ओटो. पुढे त्याचं मन बिघडत गेलं आणि त्याला म्युनिकजवळच्या फ्युर्स्टनरीडच्या वाड्यात डॉक्टरांच्या पहाऱ्यात ठेवलं. जून १८८६ मध्ये थोरल्या भावालाही वेडा ठरवून बाजूला केलं. ज्या डॉक्टर गुडेननं तसा निर्वाळा दिला, त्याच्यासह तीनच दिवसांत राजाचा मृतदेह श्टार्नबर्गच्या तळ्यात सापडला. त्याला खरोखर वेड होतं का, यावर अजून वाद आहेत. गुडेननं राजाला समोर बसवून तपासलंच नव्हतं, तेव्हा मी त्या निर्वाळ्याला फारसं वजन देत नाही.

आता वारसाहक्कानं राजा कोण? ओटो! कायद्यात आजारपणामुळे हक्क जात नव्हता. सैनिकांनी त्याच्या नावानं शपथ घेतली, नाण्यांवर त्याचा चेहरा आला, आणि कारभार पाहिला चुलते लुइटपोल्ड यांनी. तेही थोडेथोडके नाही, २६ वर्षं. राजमुकुट त्यांनी मागितला नाही. लोकांना ते बरं वाटायचं.

१९१२ च्या डिसेंबरात लुइटपोल्ड ९१ व्या वर्षी गेले. त्यांच्या मुलानं, म्हणजे ओटोच्या चुलतभावानं, वर्षभरात राज्यघटना बदलून घेतली : दहा वर्षं राजा असमर्थ असेल आणि बरा होण्याची आशा नसेल, तर कारभाऱ्यानं स्वतःला राजा म्हणवावं. ५ नोव्हेंबर १९१३ ला तो लुडविग तिसरा झाला. ओटोची पदवी मात्र काढली नाही. त्यामुळे ११ ऑक्टोबर १९१६ ला ओटो वारला तोवर, जवळजवळ तीन वर्षं, बव्हेरियाला दोन राजे होते. तुमचं नाणं त्या बदलाच्या वर्षातलं. १९१४ च्या नाण्यांवर लुडविगचा चेहरा आहे.

या लुडविगला शेतीचा, गाईगुरांचा भारी नाद. लोक त्याला चेष्टेनं 'दूधवाला शेतकरी' म्हणत. नोव्हेंबर १९१८ मध्ये क्रांती झाली आणि त्याला रातोरात म्युनिक सोडावं लागलं. साल्झबुर्गजवळच्या आनिफमधून त्यानं अधिकाऱ्यांना आणि सैनिकांना शपथेतून मोकळं केलं, पण गादी सोडल्याचं एका शब्दानंही लिहिलं नाही. नव्या सरकारनं तोच राजीनामा मानून जाहीर करून टाकला.

नाणं घासूनपुसून चकचकीत करू नका. त्यानं किंमत उतरते.