दमट हवेत ४२ किलोमीटर : वाचकांचे प्रश्न

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांची पत्रं या वेळी टपालात जास्त आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : वय ४१. दोन वर्षं पळतो आहे. हाफ मॅरेथॉन २ तास १० मिनिटांत झाली. आता फुल करायची आहे. आठवड्याला चारच दिवस मिळतात. सराव कधी सुरू करू आणि कसा? जो तो वेगळा तक्ता देतो. (फोंडा)

उत्तर : १८ आठवडे धरा. मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून मागे मोजत गेलात की सप्टेंबरचा मध्य येतो, म्हणजे चतुर्थीच्या आगेमागे. तोवर आठवड्याला ३० किलोमीटर आणि एका दमात १४ किलोमीटर विनातक्रार होत असले पाहिजेत. होत नसतील तर यंदा पुन्हा हाफच करा. कच्च्या पायावर १८ आठवडे चढवले की बाराव्या-तेराव्या आठवड्यात गुडघा किंवा नडगी बोलायला लागते.

चार दिवसांत मंगळवारी ८ ते १० किलोमीटर साधं पळणं, गुरुवारी मेहनतीचं, शनिवारी ५-६ किलोमीटर अगदी आरामात आणि रविवारी लांब पल्ला. रविवारचे आकडे असे : १६, १८, २०, मग उतरून १५, २०, २२, २४, मग १७, २४, २६, २८, मग २०, ३०, २२, पुन्हा ३०. त्यानंतर २०, १२ आणि शर्यत. दर चौथा आठवडा हलका ठेवायचा तो आळसासाठी नव्हे. स्नायू दोन-तीन दिवसांत सावरतात, पण हाडं आणि कंडरा यांना आठवडे लागतात. दिवाळी ज्या आठवड्यात येईल तोच हलका आठवडा करून टाका. नरकासुराचे पुतळे जाळतात त्या रात्री पहाटेपर्यंत जागून त्याच सकाळी २४ किलोमीटरला निघणारे महाभाग गोव्यात कमी नाहीत. तसली धाव हिशेबात धरू नका.

आता वेग. तुमचा हाफचा वेग किलोमीटरला ६ मिनिटं १० सेकंद पडतो. त्यावरून नेहमीचं सूत्र फुलसाठी ४ तास ३१ मिनिटं देतं, पण आठवड्याला ७०-८० किलोमीटर पळणाऱ्याला ते लागू पडतं. तुमचे होणार ४५ ते ५०. म्हणून ४ तास ४५ मिनिटं धरा, म्हणजे किलोमीटरला ६.४५. रविवारची धाव त्याहूनही हळू, ७.१५ ते ७.३०. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे; दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. हौशी धावपटूंचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं : हळू पळायच्या दिवशी जोरात पळतात आणि गुरुवारी पायात जीव उरत नाही. आणि ३० किलोमीटर किंवा साडेतीन तास, यांतलं जे आधी येईल तिथे थांबा. त्यापुढे फायदा फारसा वाढत नाही, सावरायला मात्र आठवडा जातो.

गुरुवारी पहिले सहा आठवडे चढ. फोंड्यात त्याची वाण नाही. ६० ते ९० सेकंद लागतील असा चढ निवडा, सहा ते आठ वेळा चढा आणि उतरताना चालत या. उतारावर धावलात तर मांडीचे पुढचे स्नायू दोन दिवस धरतात. पुढचे सहा आठवडे ६ मिनिटांच्या आसपासच्या वेगाने सलग २० मिनिटं, वाढवत ४०पर्यंत. शेवटच्या टप्प्यात १० ते १२ किलोमीटर थेट शर्यतीच्या, म्हणजे ६.४५च्या वेगाने. चढांवर एवढा भर कशासाठी, तर मुंबईत परतीच्या वाटेवर पाय संपत आलेले असतानाच पेडर रोडचा चढ समोर येतो.

चाळिशी उलटली आहे, म्हणून सुरुवातीलाच डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्या. पळताना छातीत दडपण आलं किंवा भोवळ आली तर जागच्या जागी थांबा.

प्रश्न : हळू पळूनही घड्याळात नाडीचे ठोके १७२ दिसतात. वय ३६. पळून आल्यावर दीड-दोन लिटर पाणी पिते, तरी डोकं दुखतं आणि बोटातली अंगठी घट्ट होते. (मडगाव)

उत्तर : आधी घड्याळ तपासा. मनगटावरचं घड्याळ प्रकाशाच्या साहाय्याने ठोके मोजतं. पट्टा सैल असला की ते हाताच्या हेलकाव्यालाच ठोका समजतं, आणि धावण्याची पावलं मिनिटाला १६० ते १८०च असतात. पळता पळता ३० सेकंद पावलं मोजून दुप्पट करा. उत्तर १७२च्या जवळ आलं तर घड्याळ तुमची पावलं मोजत आहे. पट्टा मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर सरकवून घट्ट करा. तरी फरक पडला नाही तर छातीवरचा पट्टा घ्या, तो जास्त भरवशाचा.

घड्याळ बरोबर निघालं तर दोष हवेचा. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. हनुवटीवरून ठिबकला तर काही नेत नाही. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरात आपल्याकडे पहाटे हवा पाण्याने भरलेली असते, घाम वाळतच नाही. शरीर मग त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं, घामामुळे रक्तातलं पाणीही कमी होतं, आणि हृदयाला ठोके वाढवावे लागतात. त्यामुळे त्याच वेगाला पहिल्या किलोमीटरला १४५ असलेली नाडी दहाव्याला १६० होते. यावर उपाय एकच : दमट दिवशी वेगाकडे बघू नका, श्वास आणि ठोके बघा. किलोमीटरमागे २०-३० सेकंद जास्त लागले तर लागू द्या. डिसेंबरात हवा कोरडी झाली की ते सेकंद आपसूक परत मिळतात.

डोकेदुखी आणि घट्ट अंगठी ही मात्र दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही. घामातून मीठ गेलं आणि वर नुसतं पाणी भरलं की रक्तातलं सोडियम खाली येतं. हातपाय सुजणं, मळमळ आणि पळून आल्यावर वजन उलट वाढलेलं दिसणं या त्याच्याच खुणा. सोबत गोंधळल्यासारखं झालं किंवा उलट्या सुरू झाल्या तर आणखी पाणी पाजू नये, सरळ इस्पितळात न्यावं.

तुम्हाला घाम किती येतो ते मोजून घ्या. समजा, पळण्याआधी कपड्यांविना वजन ५८.४ किलो भरलं. तासभर पळलात, मध्ये ३०० मिलिलिटर प्यायलात, अंग पुसून पुन्हा वजन केलं तर ५७.३. घटलेले १.१ आणि प्यायलेले ०.३ मिळून तासाला १.४ लिटर घाम. एवढं सगळं पोटात ढकलायचं नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तेही घोट घोट. शेवटी वजन दोन टक्क्यांनी घटलं तरी चालतं, वाढता मात्र कामा नये.

एक लिटर पाण्यात पाव छोटा चमचा मीठ आणि सहा छोटे चमचे साखर हे प्रमाण पुरतं. कोकमाचं आगळ घालणार असाल तर मीठ वेगळं घालू नका, आगळात ते भरपूर असतं. ओआरएसची पुडी एक लिटरचीच असेल तर एक लिटरातच घाला. अर्ध्या बाटलीत ओतली की पोट बिघडतं. सोलकढी जेवताना. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर मिठाचं डॉक्टरांना विचारूनच. आणि पळण्याआधी आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी कधीच नको, शरीरातलं पाणी कमी असताना ती मूत्रपिंडावर येते.

प्रश्न : पणजीत ३० किलोमीटर सलग पळायला जागा कुठे? (ताळगाव)

उत्तर : कांपालहून मिरामारमार्गे दोनापावलापर्यंतचा सपाट पट्टा दोन-तीनदा करणं सगळ्यात सोयीचं, कारण बाटली एका ठिकाणी ठेवून दर फेरीला पिता येते. कंटाळा आला तर रायबंदरहून फेरीबोटीने दिवाडीला जा. रहदारी कमी आणि शेतांमधून जाणारा रस्ता बराचसा सपाट, पण सावली नाही. ऊन चढायच्या आत संपवा. पहिली फेरीबोट किती वाजता सुटते ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. चढासाठी आल्तिनो आहेच. अंधारात परावर्तक पट्ट्याचं जाकीट घाला आणि समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा, म्हणजे उजव्या बाजूने पळा.

प्रश्न : वय २४. नडगीच्या आतल्या कडेला दुखतं. सिमेंटपेक्षा वाळू मऊ म्हणून आता किनाऱ्यावर अनवाणी पळतो, तर दुखणं वाढलं. (वास्को)

उत्तर : वाळू मऊ असते, सपाट नसते. किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने पळालात की एक पाय सतत खालच्या अंगाला पडतो. शिवाय अनवाणी पळताना टाच वाळूत रुतते, पोटरी आणि टाचेची शीर यांच्यावर ताण येतो, आणि नडगीला ओढ बसते ती पोटरीचीच. किनाऱ्यावर पळायचंच तर पूर्ण ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर, बूट घालून, जेवढं जाल तेवढंच परत. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कालची वेळ आज धरू नका.

त्याआधी एक तपासणी. बोटाने नडगीची आतली कड दाबत जा. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात सगळीकडे दुखत असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल तर हाडाभोवतीच्या आवरणाला सूज आहे. दोन आठवडे पळणं निम्म्यावर आणा, वेग बंद, दुखल्यास बर्फ १५ मिनिटं. रोज पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा वर-खाली करा, १५ वेळा, तीनदा. आधी गुडघे सरळ ठेवून, मग किंचित वाकवून. पण दुखणं एकाच ठिपक्यात असेल, त्या पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल तर हाडाला तडा गेल्याची शक्यता धरा आणि अस्थितज्ज्ञांना दाखवा. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, तेवढ्यावर समाधान मानून पळायला लागू नका. एमआरआयमध्ये तो तडा लवकर दिसतो.

प्रश्न : गेल्या वर्षी ३२व्या किलोमीटरला पाय एकदम थांबले. सोबत दोन जेल (पळताना घ्यायची साखरेची दाट पेस्ट) होत्या, पण घ्यायची इच्छाच झाली नाही. खाण्याचं गणित सांगा. (म्हापसा)

उत्तर : पळताना किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण १ किलोकॅलरी लागते. ७० किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी झाल्या २९०० च्या वर. स्नायू आणि यकृतात साठलेली साखर सुमारे २००० किलोकॅलरींची. चरबी मदतीला असतेच, पण तिच्यापासून ऊर्जा सावकाश मिळते. वेग जितका जास्त तितकी साखर जास्त जळते. म्हणून पहिले १० किलोमीटर उत्साहात उडवणाऱ्यांचा साठा तिशीतल्या किलोमीटरांतच संपतो. तुमचंही बहुधा तेच झालं असावं.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. एका जेलमध्ये सहसा २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे साडेचार तासांना दोन नव्हे, सहा-सात. पहिली ४० मिनिटांनी, भूक लागायची वाट न बघता. पुढे दर ३५-४० मिनिटांनी, दोन-तीन घोट पाण्यासोबत. इच्छा होत नाही कारण उशीर झाल्यावर पोटाकडे रक्तच कमी जातं. पोटालाही सवय करावी लागते, म्हणून २० किलोमीटरच्या पुढच्या प्रत्येक रविवारी, शर्यतीत घेणार तीच जेल घ्या. महाग वाटत असेल तर मधूनमधून केळं किंवा गुळाचे खडे चालतात, पण तेही सरावात आजमावून.

शेवटचे दोन दिवस वजनाच्या दर किलोमागे ८ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ७० किलोला ५६० ग्रॅम. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ती ७८ ग्रॅमच्या आसपास असतात. नुसत्या भातावर हा आकडा गाठणं अवघड, म्हणून पाव, केळी, रताळी, फळांचा रस जोडीला घ्या. भाजी-कोशिंबीर आणि डाळी कमी करा. शीतकडी, म्हणजे भात आणि आमटी, खा, पण कडी बेताची. मसालेदार शागुती आणि तिसऱ्या (शिंपले) खायच्या त्या शर्यत झाल्यावर. शर्यतीच्या दिवशी तीन तास आधी मीठ घातलेली पेज आणि एक केळं. उकड्या तांदळाची पेज सगळ्यांना पटकन पचते असं नाही, तेही आधी बघून घ्या.

प्रश्न : पावसात पळून पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं. बूट एक नंबर मोठा घेऊ? (डिचोली)

उत्तर : बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असेल तर नंबर बदलू नका. पळताना पाय सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी, पळायचे मोजे घालून बघावेत. नख काळं होण्याचं कारण बरेचदा बुटाच्या नाडीत असतं : टाच सैल राहते, पाय पुढे घसरतो आणि अंगठा आदळतो. सगळ्यात वरच्या जादा भोकातून नाडी त्याच बाजूला ओवून फास करा, समोरच्या बाजूची नाडी त्यातून काढून आवळा. मोजे सुती नकोत. ओल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबा, तासाभराने बदला. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवलेत तर तळव्याचा फोम कडक होतो. पावसाळ्यात दोन जोड आलटून पालटून वापरणं उत्तम. काळं नख ओढून काढू नका, खालून नवं आलं की ते स्वतःच सुटतं.