कॅमल थॉर्न लावण्याआधी

आधी शेंग नीट पाहा. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या कॅमल थॉर्न या काटेरी झाडाची शेंग जाड, राखाडी, मखमली, कानाच्या आकाराची असते. काटे सरळ, जोडीने, बुडाशी फुगीर. फुलं पिवळी, गोंड्यासारखी. फुलांचे तुरे पांढरट आणि शेंग नारिंगी, पिळलेली असेल तर ते फैदर्बिया, वेगळंच झाड.

बियांचं कवच फार टणक, म्हणून डोळ्याची (जिथून अंकुर फुटतो ती) बाजू टाळून कडेला कानशीने घासा आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. फुगलेलं बी वाळूमिश्रित मातीत 1 सेंटिमीटर खोल पेरा.

खरी चूक रोपाच्या पिशवीत होते. सोटमूळ झपाट्याने खाली जातं, उथळ पिशवीत वळतं आणि असं रोप कोरड्या जमिनीत तग धरत नाही. किमान 30 सेंटिमीटर खोल पिशवी घ्या. जमल्यास जागेवरच पेरा, तेच उत्तम. माती वाळल्याशिवाय पाणी देऊ नका, मूळ कुजतं. वरची वाढ सावकाशच होणार.