लांडग्याची पिल्लं पाहायला बसताय?

पहिले तीन आठवडे बिळाकडे फिरकूच नका. आई बिथरली, तर पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. डोळेच मुळी 12-14 दिवसांनी उघडतात, घाई कशाला?

मग रोज ठरलेल्या वेळी, त्याच जागी बसा. दर 5 मिनिटांनी प्रत्येक पिल्लाची नोंद करा. ‘घाबरलं’ नको, ‘कान मागे, शेपटी पोटाखाली’ असं लिहा. नवशिके हमखास इथेच चुकतात. पिल्लू मोठ्याच्या तोंडाचे कोपरे चाटतं ते लाडानं नव्हे, ओकून दिलेलं मांस मागायला!

पिल्लं बंदिस्त आवारात असतील, तर मांस तीन-चार ठिकाणी टाका, नाहीतर दुबळं पिल्लू उपाशी राहतं.

‘अल्फा’, म्हणजे इतरांना दाबून कळपाचा म्होरक्या झालेला लांडगा, ही कल्पना तूर्त विसरा. प्राणिशास्त्रज्ञ शेंकेल यांची 1947 मधली ही मांडणी पिंजऱ्यातल्या लांडग्यांवरची; जंगलातला कळप बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं.