आधी चेहरा, मग दिवा
मंचावरचा उजेड : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार निवडली आहेत. बहुतेकांनी "कोणता दिवा घेऊ?" एवढंच विचारलंय, मंचाची मापं मात्र फार थोड्यांनी कळवली आहेत. पुढच्या वेळी मंचाची लांबी, खोली, जमिनीपासूनची उंची आणि समोर दिवे टांगायला जागा कुठे आहे, एवढं जरूर लिहा. माझं निम्मं उत्तर त्यातच सापडतं.

आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन पटांगणात होतं. मंच ३० बाय २० फूट. गेल्या वर्षी लाइटवाल्यांनी १६ एलईडी पार (डब्यासारखे, झोत टाकणारे दिवे) आणि ४ शार्पी (बारीक, तीव्र झोताचे फिरते दिवे) लावल्या होत्या. उजेड भरपूर होता, पण पालकांनी काढलेल्या फोटोंत मुलांचे चेहरे निळे-जांभळे आले आणि मागच्या रांगेतली मुलं दिसलीच नाहीत. यंदा आणखी दिवे मागवावेत का?
— एक शिक्षिका, कराड

बाई, दिवे वाढवू नका. उजेड भरपूर होता असं तुम्हीच लिहिलंय. चुकलाय तो दिव्यांचा रंग आणि त्यांची जागा.

साध्या एलईडी पारमध्ये लाल, हिरवे आणि निळे बारके दिवे असतात. तिन्ही एकदम पेटवले की पांढरा उजेड दिसतो, पण त्या पांढऱ्यात पिवळ्या-नारिंगी छटा फार थोड्या असतात. आपल्या कातडीचा रंग नेमका त्याच छटांवर जगतो. डोळा सांभाळून घेतो, मोबाइलचा कॅमेरा घेत नाही. त्यात गाण्याच्या ठेक्यावर ऑपरेटर निळा-जांभळा फिरवत राहिला, की मुलं तशीच रंगणार. म्हणून समोरून फक्त वॉर्म व्हाइट मागा, ३२०० केल्व्हिनचे (केल्व्हिनचा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर). शंभर-दोनशे वॉटचे सीओबी (एकाच मोठ्या ठिपक्यातून उजेड देणारे) एलईडी पार भाड्याने मिळतात, असे ८ तुम्हाला पुरतील. जुन्या हॅलोजन पारचा जो पिवळसर ऊबदार रंग होता, तोच हा. रंगीत पारही ठेवा, पण ते मागच्या पडद्याला आणि विंगांना द्या. पडद्यावर हवे तेवढे रंग खेळवा, चेहऱ्यावरचा उजेड मात्र हलवू नका.

आता जागा. मंच ३ फूट उंच धरला आणि सातवीतल्या मुलाचा चेहरा त्यावर साडेचार फूट, तर चेहरा जमिनीपासून साडेसात फुटांवर आला. पुढचे दोन खांब १७-१८ फुटी घ्या, म्हणजे दिवा चेहऱ्याच्या १० फूट वर राहील. मुलांच्या पुढच्या रांगेपासून हे खांब १०-१२ फूट पुढे हवेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हीकडून तिरका उजेड आला की नाक-डोळे उठून दिसतात आणि एका बाजूची सावली दुसरी बाजू भरून काढते. येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी ही रीत १९३२ साली मांडली : मंचाच्या प्रत्येक भागावर दोन बाजूंनी ४५ अंशांतून उजेड, त्यातली एक बाजू जराशी ऊबदार, दुसरी जराशी थंड. शाळेच्या पटांगणापासून मोठ्या नाट्यगृहापर्यंत मी सगळीकडे इथूनच सुरुवात करते.

मागची मुलं का दिसली नाहीत, तेही सांगते. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. सगळे दिवे पुढच्या खांबांवर असतील तर २० फूट खोल मंचावर मागची रांग अंधारातच राहणार, वर पुढच्या मुलांच्या सावल्याही तिच्यावरच पडणार. तेव्हा ८ पैकी ४ दिवे खांबांवर, दोन-दोन. उरलेले ४ मंडपाच्या पुढच्या आडव्या बारवर टांगून मागच्या १० फुटांवर रोखा. शार्पी नाही आणली तरी कार्यक्रमाचं काही अडत नाही. आणलीच तर तिचा झोत प्रेक्षकांच्या डोळ्यांत आणि मंडपाच्या कापडावर स्थिर राहता कामा नये. ज्वालाग्राही वस्तूंपासून किती मीटर अंतर ठेवायचं, हे अशा दिव्यावर छापलेलं असतं. ते लाइटवाल्याला तुमच्यासमोर वाचायला लावा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, ती मी सांगणारच. पूर्वीचा १००० वॉटचा पार २३० व्होल्टवर सव्वाचार-साडेचार अँपिअर खायचा. असे ८ म्हणजे ३५ अँपिअर. तुमचे नवे ८ दिवे दोनशे वॉटचे धरले तरी सात अँपिअरमध्ये भागतं. भार असा कमी झाल्यामुळे लोक निर्धास्त होतात आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या एका सॉकेटमधून वायर ओढून त्यावर दिवे, साउंड, चहाची शेगडी सगळं लावतात. माझ्या वडिलांचा सांगलीत मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. मी अकरावीत असताना एका गावातल्या कार्यक्रमात संध्याकाळी पावसाची सर आली. गवतात पडलेल्या वायरीचा सांधा नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेला होता आणि बोर्डाला अर्थिंग नव्हतं. आमच्याकडचा एक कामगार लोखंडी खांबाला हात लावून उभा होता. तो वाचला, पण त्याच्या तळव्याची कातडी जळली आणि तो हात पुढे कधी नीट मिटला नाही. वडिलांनी त्या रात्री जेवण घेतलं नाही. तेव्हापासून खांब उभा राहिला की मी आधी अर्थिंगची वायर बघते, मग दिवा. बाई, तुमच्या मंचावर मुलं अनवाणी नाचणार आहेत. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का, तो तुमच्यासमोर बटण दाबून तपासून घ्या. प्रत्येक टांगलेल्या दिव्याला क्लॅम्पशिवाय वेगळी सेफ्टी चेन असली पाहिजे. आणि वायरीचा सांधा जमिनीवर कुठेच नको.

आम्ही नवीन मंगल कार्यालय बांधत आहोत. छत १४ फूट. इंटिरियर करणाऱ्यांनी स्टेजच्या डोक्यावर २४ डाउनलाइट दाखवले आहेत. आमच्या जुन्या हॉलमध्ये व्हिडिओत काळे पट्टे येत असत. नव्या हॉलला काय लावावं?
— एक व्यावसायिक, इचलकरंजी

डोक्यावरचे २४ डाउनलाइट आधी अर्ध्यावर आणा. सरळ वरून पडणाऱ्या उजेडात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि मुंडावळ्यांची सावली गालांवर उतरते. नवरा-नवरीचा आयुष्यभराचा फोटो तसा येऊ नये.

स्टेजच्या पुढच्या कडेपासून प्रेक्षकांच्या बाजूला १० फुटांवर, छताला लागून आडवा पाइप घ्या आणि त्यावर सहा एलईडी फ्रेनेल लावा. फ्रेनेलची कड मऊ असते आणि झोत लहान-मोठा करता येतो, त्यामुळे साखरपुड्याला दोन खुर्च्या असोत की स्वागत समारंभाला अख्खं कुटुंब, त्याच दिव्यात निभतं. आणखी दोन दिवे स्टेजच्या डाव्या-उजव्या भिंतींवर, आठ-नऊ फुटांवर. ते मंगलाष्टकांसाठी. अंतरपाट धरलेला असतो तेव्हा वधू-वर समोर बघत नाहीत, एकमेकांकडे तोंड करून उभे असतात. समोरून कितीही उजेड टाका, त्यांच्या कानांवरच पडतो. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी दोघांचे चेहरे उजळायचे असतील तर उजेड बाजूनेच यायला हवा. ही दोन दिव्यांची सोय मी फार थोड्या कार्यालयांत पाहिली आहे.

सगळे दिवे एकाच केल्व्हिनचे घ्या, ३२०० तर सगळे ३२००. सरमिसळ झाली की फोटोग्राफर काहीही करून रंग जुळवू शकत नाही. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, त्याचा शंभरपैकी आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेला हवा. आकड्यावरही थांबू नका. घरातली एखादी जांभळी पैठणी आणि हळदीत भिजवलेला कापडाचा तुकडा दुकानात घेऊन जा, दोन्ही आधी दाराशी दिवसाच्या उजेडात बघा, मग दिव्याखाली. जरीचा सोनेरी हिरवट दिसला तर तो दिवा परत ठेवा.

पट्टे येतात ते स्वस्त ड्रायव्हरमुळे, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या डबीमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा साधा ड्रायव्हर दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त करतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. डिमरने उजेड २० टक्क्यांवर आणा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. चित्र लुकलुकलं की समजावं. ही परीक्षा पैसे देण्याआधी दुकानातच करायची.

मागची सजावट वेगळ्या स्विचवर ठेवा. ती चेहऱ्यांपेक्षा उजळ झाली की माणसं तिच्यापुढे काळवंडतात.

आमची हौशी संस्था यंदा पहिल्यांदा राज्य नाट्य स्पर्धेत उतरते आहे. नाटकात एक प्रवेश फक्त एका खिडकीच्या उजेडात आहे. दोन प्रोफाइल विकत घ्यावेत का? आणि प्रोफाइल, फ्रेनेल, पार यांत नेमकं काय बघून निवडायचं?
— एक नाट्यकर्मी, नाशिक

मित्रा, विकत घेऊ नकोस. त्या पैशांत तालमीसाठी दोन दिवस खरा मंच भाड्याने घे, नाटकाला त्याचा जास्त उपयोग आहे.

उजेडाच्या कडेकडे बघ, निवड तिथेच होते. पारचा झोत लांबट आणि उग्र असतो, त्याची कड आवरता येत नाही. मागून किंवा बाजूने रंगाचा लोट सोडायचा असेल तर तो उत्तम. फ्रेनेलची कड विरघळत जाते, त्यामुळे दोन शेजारचे दिवे एकमेकांत मिसळतात आणि नट चालताना कुठे सांधा दिसत नाही. प्रोफाइलला कड कापता येते. आतल्या चार पात्यांनी त्याचा गोल चौकोनी करता येतो, गोबोची म्हणजे नक्षी कापलेली चकती घालून खिडकीचे गज जमिनीवर पाडता येतात. तुझ्या प्रवेशाला एकच प्रोफाइल हवा, आणि तो खिडकी जिकडे आहे त्याच बाजूने, विंगेतून उंचावरून. समोरून गज पाडलेस तर प्रेक्षकाचा खिडकीवर विश्वास बसणार नाही.

प्रोफाइलवर अंश लिहिलेले असतात. २६ अंशांचा दिवा ६ मीटरवरून सुमारे पावणेतीन मीटरचा गोल देतो, ३६ अंशांचा त्याच जागेवरून जवळपास चार मीटरचा. एका माणसाच्या एकांताला पहिला, सोफ्याभोवतीच्या भांडणाला दुसरा. नाट्यगृहातल्या बारपासून मंचापर्यंतचं अंतर आधी जाऊन टेपने मोजून ये. तिथल्या दिव्यांची यादी प्रकाश विभागातल्या माणसांकडून मागून घे आणि त्यांच्याशी नीट बोल. प्रयोगाच्या दिवशी शिडीवर तेच चढणार आहेत.

वेशभूषेच्या तालमीतही बस. नायिकेला हिरवं लुगडं दिलं असेल आणि तू त्या प्रवेशात गडद लाल जिलेटिन (दिव्यापुढचा रंगीत पारदर्शक कागद) लावलंस, तर लुगडं काळं दिसेल. हिरव्या कापडाला परत फेकायला लाल उजेडात हिरवं काही नसतंच. दिग्दर्शकाला हे आधी सांगितलंस तर लुगडं बदलता येतं, रंगीत तालमीत कळलं तर फक्त भांडण होतं.

एलईडी दिवे असतील तर डीएमएक्सची वायर, म्हणजे कंट्रोल बोर्डाचे हुकूम दिव्यांपर्यंत नेणारी, खरी डीएमएक्सचीच वापर, माइकची नको. शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर (वायरीचं टोक बंद करणारा रोध) लाव. तो नसला की ऐन ब्लॅकआउटमध्ये एखादा दिवा लकाकू शकतो.

आमच्या देवळाच्या जत्रेत दशावतार होतो. दोन वर्षांपूर्वी कमिटीने समोर दोन मोठे पांढरे एलईडी फ्लड लावले. लख्ख दिसतं, पण जुनी माणसं म्हणतात रंगत गेली. कलाकारही डोळे दिपतात म्हणून तक्रार करतात. काय करावं?
— एक ग्रामस्थ, कुडाळ तालुका

जुनी माणसं बरोबर सांगतायत, आणि हे पत्र वाचून मला फार बरं वाटलं की कुणीतरी त्यांचं ऐकलं.

दशावतारी नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो. तो रंग गॅसबत्तीच्या काळात घडला, म्हणजे पिवळसर, जवळून येणाऱ्या, किंचित हलणाऱ्या उजेडात. तुमच्या फ्लडवर बहुधा ६५०० केल्व्हिन लिहिलेलं असेल. त्या निळसर पांढऱ्यात, तेही अगदी समोरून, चेहऱ्यावरची एकही रेघ उरत नाही. आमच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं तेव्हाही मंचावर ज्योतीचाच उजेड होता. आपल्या जुन्या रंगभूषेचा सगळा जोर त्या उजेडावर उभा आहे.

खर्च फार नाही. दोन्ही फ्लड काढा. त्यांच्या जागी ३००० केल्व्हिनचे ५०-५० वॉटचे चार दिवे घ्या, डावीकडे दोन, उजवीकडे दोन, १०-१२ फूट उंचीवर, तिरके. पुढे दुधी फ्रॉस्टचा कागद लावा, तो उष्णता सोसणारा, दिव्यांसाठीच मिळणारा हवा. घरातलं कापड किंवा प्लास्टिक नको. बाकड्यावर बसलेल्या राजाच्या चेहऱ्यावर दोन्हीकडचा उजेड जुळतो का ते बघा. हार्मोनियम-पखवाजवाल्यांना वेगळा छोटा दिवा द्या, त्यांना नटाकडे सतत बघावं लागतं. उघड्यावरचे सगळे दिवे आयपी ६५ चे, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारे असावेत, पहाटेचं दव आत शिरतं.

आणि मागच्या पडद्याच्या वर, नटांच्या पाठीवर पडेल असा एक बारका दिवा नक्की लावा. काळ्या वेषातला संकासुर काळोखापुढे उभा राहिला की हरवतो. पाठीमागून उजेड आला की त्याच्या डोक्याची आणि खांद्यांची कड सुटी होते.

दिवे रोखताना मंडळातल्या एखाद्या ज्येष्ठ नटाला रंग लावून बाकड्यावर बसवा, आणि पत्रात ज्यांचा उल्लेख केलात त्या जुन्या माणसांना समोर बसवा. ते हो म्हणेपर्यंत शिडी काढू नका. जत्रा झाली की संकासुर कसा दिसला ते मला कळवा.