‘पाणी देणे’ की ‘निववण’?

देवगडच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने विचारले आहे, की ‘सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंग’ आणि ‘क्वांटम अ‍ॅनीलिंग’ या संज्ञांसाठी लोहाराच्या ‘पाणी देणे’ या प्रयोगावरून मराठी शब्द करता येईल का.

करू नये असे माझे मत आहे, कारण ‘पाणी देणे’ ही अ‍ॅनीलिंगच्या नेमकी उलट क्रिया आहे. आमच्या गावी लोहाराच्या साळेत कोयतीचे लालभडक पाते कुंडीत बुडताच चर्र आवाज होतो, धार कडक होते आणि तितकीच ठिसूळही. तेच पाते पुन्हा ठोकून वळवायचे असेल, तर लोहार ते तापवून राखेत पुरतो आणि दुसऱ्या दिवशी काढतो. हे राखेतले सावकाश निवणे म्हणजे अ‍ॅनीलिंग. पारिभाषिक लेखनात त्याला ‘अनुशीतन’ म्हणतात. मी ‘निववणे’पासून ‘निववण’ सुचवतो, ‘साठवण’, ‘आठवण’ यांच्या धर्तीवर, स्त्रीलिंगी.

१९८३ साली कर्कपॅट्रिक, गेलॅट आणि वेक्की यांनी ही रीत संगणकाच्या गणनेत आणली, तेच ‘सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंग’. चिपवर घटक कसे मांडावेत, फिरत्या विक्रेत्याने कोणत्या क्रमाने गावे घ्यावीत, अशा प्रश्नांत पर्याय इतके असतात की एकेक तपासणे अशक्य होते. आणि नेहमी अधिक चांगल्या पर्यायाकडेच, म्हणजे जणू उताराकडेच, जाणारा शोध सड्यावरच्या खळग्यात साचलेल्या पावसासारखा अडकतो, खाडी कितीतरी खाली असली तरी. म्हणून आरंभी ‘तापमान’ चढे ठेवून अधूनमधून वाईट पर्यायही स्वीकारतात, म्हणजे शोध काठ ओलांडू शकतो, आणि मग ते हळूहळू उतरवतात. घाईने उतरवले, म्हणजे जणू पाणी दिले, तर शोध खळग्यातच गोठतो. १९८५च्या ‘बोल्ट्झमन मशीन’ या न्यूरल नेटवर्कमध्ये हीच निववण मशीन लर्निंगच्या कामी आली. त्या मशीनच्या कर्त्यांपैकी जेफ्री हिंटन यांना २०२४ साली भौतिकीचे नोबेल मिळाले.

‘अनुशीतन’ अडखळते ते पुंजभौतिकीत, म्हणजे क्वांटम भौतिकीत. कादोवाकी आणि निशिमोरी यांनी १९९८ साली मांडलेल्या ‘क्वांटम अ‍ॅनीलिंग’च्या रीतीत उष्णता उतरवायची नसते. या रीतीने चालणाऱ्या यंत्रातली चिप मुळातच निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ असते. तिथे आडव्या चुंबकीय क्षेत्राने उठवलेली पुंजीय चलबिचल हळूहळू शमवतात. खळग्यातले पाणी काठावरून न जाता जांभ्यातून पाझरावे, तसा शोध अडथळ्यातून पार होतो. मात्र अडथळा उंच असला तरी पातळ हवा, रुंद असेल तर हा पाझरही आटतो. त्यामुळे ही यंत्रे प्रत्येक अवघड प्रश्नात सरस ठरतील असे मानू नये.

जिथे थंड करणे नाही, तिथे ‘शीत’ खटकते. ‘निवणे’ मात्र केवळ उष्णतेचे नाही: मन निवते, डोळे निवतात, जीव निवतो. चलबिचल शमणे त्या क्रियापदाच्या अर्थातच आहे, म्हणून ‘अनुकृत निववण’ आणि ‘पुंज निववण’ हे दोन्ही शब्द मला चालण्याजोगे वाटतात. फक्त तिथे ‘निवळण’ लिहू नये. निवळते ते गढूळ पाणी, गाळ तळाशी बसल्यावर.